निळ्या पेनाने

रात्री दोनला खर्र, खर्र.
आधी वाटलं माळ्यावर उंदीर.
मग कळलं, इल्मारी आहे,
लापशी घोटायची बर्चची रवी
पाठीवरून फिरवतोय, दिवा न लावता,
चोरासारखा.

ऑक्टोबरात सुरू झालं. कमरेशी, शर्टाच्या बटणाएवढं.
तेव्हा तळ्यावर बर्फाची नुसती साय धरत होती.
आता मार्च. त्याच बर्फावरून गाड्या जातात
आणि ते खांद्यांपर्यंत पोचलंय.

काय काय काढलं घरातून:
डांबराचा साबण, माझ्या हातचे लोकरी मोजे,
तीन आठवडे राईची भाकरी, मग दूध, मग टोमॅटो.
शेवटी कुत्रा.
हिल्काकडे सोडून आलो, सोत्कामोला.
पुरळ राहिलं.
कुत्रा मात्र तिथेच रमला.
इल्मारीने फोनवरून शीळ घातली
तर हिल्का म्हणाली, कान हलवला, उठला नाही.

कायानीच्या डॉक्टरीणबाईंनी पाठीवर तीस चौकोन चिकटवले,
प्रत्येकाला नंबर. निकेल, रबर, पाइनची राळ, अत्तरं.
दोन दिवस आंघोळ नाही.
मग पट्ट्या सोलून हजेरी घेतली.
एकही हजर नव्हतं.
तेव्हा त्यांनी एक लांबलचक लॅटिन शब्द उच्चारला.
अर्थ विचारला, तर खिडकीकडे बघत म्हणाल्या,
म्हणजे, आम्हाला माहीत नाही.

तरुण आहेत. खोटं बोलल्या नाहीत, एवढं खरं.
रोज संध्याकाळी पेनाने हद्द आखा म्हणाल्या,
कुठे सरकतं ते कळेल.

चाळीस वर्षं हा लोकांच्या जमिनी मोजत हिंडला,
भावाभावांच्या जंगलांतून खांब पुरत.
आता खुर्चीवर उलटा बसतो, हनुवटी पाठीला टेकवून, खुर्चीच्या,
आणि मी त्याच्या पाठीवर निळी रेघ ओढते.
"सलग काढ," म्हणतो,
"तुटक रेघेवरून पुढे भांडणं होतात."

शनिवारी सौना मी एकटीच घेते.
उष्णतेने त्याचं अंग पेटतं.
तो बाहेरच्या पडवीत, कोट घालून.
भिंतीपलीकडून विचारतो, "किती झालं?"
"पंच्याहत्तर."
"कमी आहे. अजून एक ओंडका घाल."
मी दगडांवर पाणी टाकते. फुस्स होतं.
तो पलीकडे गप्प होऊन ऐकतो.

वाचनालयाची गाडी मी चालवते, थांब्याथांब्यावर
पुस्तकं परत येतात, सोबत उपाय.
ओट्सचं पाणी. मेंढीची चरबी. चंद्र बघून मीठ.
विएनो म्हातारीने मात्र आवाज खाली आणला:
"मनात काही लपवलंय का त्याने?
खाई त्याला खवखवे, बाई."

हसले मी. गाडी चालू केली.
आणि त्या रात्री त्याचं पाकीट तपासलं.
एकतीस वर्षांत पहिल्यांदा.
वाहन परवाना. कुत्र्याच्या लसीची पावती.
आणि घडी घातलेल्या चिठ्ठीवर, त्याच्या नकाशातल्या अक्षरात,
तो लॅटिन शब्द.
खाली दोन रेघा मारलेल्या.

परवा डाव्या खांद्याजवळ दोन बोटं मागे हटलं.
जुनी रेघ तशीच राहिली कातडीवर,
पाणी ओसरलेल्या तळ्याच्या काठासारखी.
मी कुणाला फोन केला नाही. बरंच झालं.
काल ते मानेवर निघालं, कॉलरच्या आत,
जिथे आम्ही हद्द धरलीच नव्हती.

आता दोन वाजलेत.
रवी मी त्याच्या हातातून काढून घेतली.
तळहात खिडकीच्या काचेला लावून ठेवते,
बाहेर उणे एकोणीस आहे,
बधिर झाला की त्याच्या पाठीवर टेकवते.

"खाली," तो म्हणतो.
"अजून. डावीकडे. इतकं नाही."
"इथे?"
"तिथेच होतं.
आत्ता सरकलं."